मदत हवी आहे : न भेटलेल्या ग्राहकाला प्रश्न विचारायला मुलांना कसे शिकवू?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इंजिनिअरिंग कॉलेजात मी मेकॅनिकल शिकवतो, चौदा वर्षे झाली. वर्गातली बहुतेक मुले कापूस-सोयाबीनवाल्या घरची, एसटीने जाऊन-येऊन शिकणारी. या फोरमवरचे बरेच जण परदेशात किंवा परदेशी कंपन्यांसाठी काम करतात, म्हणून तुम्हालाच विचारावेसे वाटले.

आधी काय घडले ते सांगतो. माझा एक विद्यार्थी, अभ्यासात चांगला, नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात लागला. अमेरिकेच्या ऑर्डरचे एक ब्रॅकेट त्याच्याकडे आले. वस्तूच्या वेगवेगळ्या बाजू कागदावर मांडायच्या दोन पद्धती आहेत. आपण पहिल्या वर्षापासून फर्स्ट अँगल प्रोजेक्शन शिकवतो, ड्रॉइंगच्या भारतीय मानक पुस्तिकेत, एसपी 46 मध्ये, तेच आहे. अमेरिकेत थर्ड अँगल चालते. उजवीकडून दिसणारी बाजू आपण डावीकडे काढतो, ते उजवीकडेच काढतात. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत, टायटल ब्लॉकमध्ये, कोणती पद्धत ते सांगणारी छाटलेल्या शंकूची खूण होती, ती याने पाहिलीच नाही. भोके उलट्या बाजूला पडली, आरशात दिसावीत तशी. चाळीस नग भंगारात गेले. दिवाळीत घरी आला तेव्हा सांगत होता, "सर, मले डाउट आल्ता. डॉटेड लायनी जुळत नोयत्या. पन मनलं, त्यायनं काढलं हाय तं बरोबरच असन. इचारलं तं हसतीन."

थर्ड अँगल एका तासात शिकवून होते. आता शिकवतोही. जर्मन ड्रॉइंगवर 12,5 म्हणजे साडेबारा, अमेरिकेत 03/04 म्हणजे 4 मार्च, हेही सांगतो. पण शंका आली की अनोळखी माणसाला लेखी विचारायचे, हे कोणत्या तासाला शिकवू? आमच्याकडे शहाणे पोर म्हणजे मान खाली घालून "हो सर" म्हणणारे, आणि त्याला तसे घडवण्यात माझाही हात आहे. मुलांना इंग्रजी येत नाही म्हणून ती मागे पडतात असे सगळे म्हणतात. मला ते अर्धेच खरे वाटते. त्या मुलाला दोन ओळींपुरते इंग्रजी नक्की येत होते.

मागच्या वर्षी एक प्रयोग केला. अर्धा वर्ग ग्राहक, अर्धा वर्ग माल बनवणारा. बोलायचे नाही, फक्त ईमेल. पहिल्या आठवड्यातले मेल रजेच्या अर्जासारखे होते. चार ओळी "रिस्पेक्टेड सर", आणि प्रश्न तळाशी, तोही अर्धवट. मग पुसदकडच्या एका मुलीचा मेल आला. तिच्या वडिलांचे थ्रेशर दुरुस्तीचे दुकान आहे. तिने विचारले होते, "या शाफ्टवर ±0.02 लिहिले आहे. आपल्या वर्कशॉपच्या जुन्या लेथवर हे निघणार नाही. इथे बेअरिंग बसणार आहे का? नसेल तर ±0.1 चालेल का?" (±0.02 म्हणजे माप तेवढेच मिलिमीटर कमी-जास्त चालेल.) त्या मेलची प्रिंट मी जपून ठेवली आहे. असा मेल कोणत्याही देशातला इंजिनिअर मनापासून वाचेल.

पण तिसऱ्या आठवड्यात प्रयोग बारगळला. दोन्ही गट एसटी स्टँडवर भेटायचे आणि सगळे वऱ्हाडीत ठरवून मोकळे व्हायचे. ग्राहक खरोखर दूरचाच हवा.

म्हणून मागणे असे आहे. आठ आठवडे कोणी माझ्या एखाद्या गटाचा ग्राहक होईल का? आठवड्याला दोन-तीन मेल, बस. चुकीच्या मेलला गोड उत्तर देऊ नका. तुमच्या कामात जसे परत पाठवाल तसेच पाठवा. गोपनीय नसलेली, रद्द झालेली जुनी ड्रॉइंग असतील तर तीही हवीत, शक्यतो इंचातली.

दुसरे म्हणजे, भाषा. मुले विचारतात, जर्मन करू की जपानी? क्लासवाले दोन्हींचे पैसे मागतात, आणि नागपूरला जाऊन यायचे म्हणजे अख्खा दिवस जातो. तिसऱ्या वर्षाच्या मुलाने यात पडावे की आधी इंग्रजीतून लिहिणे पक्के करावे? ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी सांगा, वेळ किती गेला आणि कामात किती उपयोग झाला.

भर, दुसऱ्या दिवशी :

सगळ्यांचे मनापासून आभार. एकांनी विचारले आहे, पदवी बाहेर चालते का. पालकही हेच विचारतात. एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानणाऱ्या देशांच्या वॉशिंग्टन कराराचा भारत 2014 मध्ये पूर्ण सदस्य झाला, पण त्याची मान्यता एनबीएच्या (अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) टिअर-1 मानांकन मिळालेल्या अभ्यासक्रमांना लागू होते, म्हणजे स्वायत्त कॉलेजांना आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या विभागांना. आमच्यासारखी संलग्न कॉलेजे टिअर-2 मध्ये येतात, म्हणजे ती मान्यता आम्हाला लागू नाही. पालकांना मी हे आधीच स्पष्ट सांगतो.

व्हिडिओ कॉल सुचवणाऱ्यांसाठी : उन्हाळ्यात जर्मनीत दुपारचे दोन वाजतात तेव्हा इथे साडेपाच होतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसहा. आमची शेवटची बस पावणेसहाला सुटते, आणि तिच्यात वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली असतात. त्यामुळे सध्या ईमेलच बरा. शनिवारी सकाळी ज्यांना जमेल त्यांनी जरूर कळवा, त्या दिवशी लॅब मी स्वतः उघडून देतो. चौतीस मुले आहेत, चार-चार, पाच-पाचचे आठ गट होतील. आत्तापर्यंत तीन ग्राहक मिळाले, अजून पाच हवेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.