रोजंदारी शिपायाला बँकेने तोंडी काढलं: दावा इंदूरला की जबलपूरला?

राजवाडा_७:
सरकारी बँकेच्या इंदूर शाखेत चार वर्षं रोजंदारीवर असलेल्या शिपायाला डिसेंबर २०२५मध्ये ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढंच सांगितलं. पत्र नाही, पैसे नाहीत. इथल्या लेबर कोर्टात जावं का? नोकरी पक्की करून मिळेल?

फाइलवाला:
इथे नाही. सरकारी बँकेचा वाद केंद्राच्या अखत्यारीत येतो, राज्याच्या लेबर कोर्टाला अधिकारच नाही. चुकीच्या दारात वर्ष जातं आणि मुदत पळत राहते. आधी केंद्राच्या सहाय्यक कामगार आयुक्तांकडे अर्ज द्या, पोच घ्या. ४५ दिवसांत काही झालं नाही तर थेट जबलपूरचं केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरण. नव्या औद्योगिक संबंध संहितेत मुदत कामावरून काढल्यापासून २ वर्षं. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ३ होती, आणि अजून बरेच जण तीनच सांगतात. जबलपूरसाठी ओव्हरनाइट एक्सप्रेस आहेच. वकिलाला समोरच्याची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी लागते, युनियनच्या पदाधिकाऱ्याला लागत नाही.

नर्मदातीर:
खरी लढाई २४० दिवसांची. काढण्याआधीच्या १२ महिन्यांत तेवढे दिवस काम झालं असेल तर महिन्याची नोटीस (किंवा तेवढा पगार) आणि वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई न देता काढणं बेकायदा. पगारी रविवार-सुट्ट्याही धरायच्या. पण सिद्ध करायचं कामगारानेच, आणि नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये सांगून ठेवलंय.

राजवाडा_७:
पैसे व्हाउचरवर मिळायचे, कधी कधी दुसऱ्याच नावाने.

नर्मदातीर:
नेहमीचीच युक्ती. पासबुकातल्या जमा रकमा, टपाल वहीतल्या सह्या, त्याच्या हातची चेक-पोच जमवा. मग न्यायाधिकरणाकडे अर्ज करून बँकेची व्हाउचरं आणि हजेरी तारखांसकट मागवा. मोघम ‘सर्व रेकॉर्ड’ लिहिलं की अर्ज फेटाळला जातो. मागूनही बँकेने ती दडवली तर तिच्याविरुद्ध निष्कर्ष काढता येतो.

फाइलवाला:
पक्कं करण्याचं सोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या उमादेवी निकालानंतर (२००६) मागच्या दाराने, म्हणजे रीतसर भरतीशिवाय, आलेल्याला कायम करणं जवळपास बंद आहे. त्याच न्यायालयाच्या २०१३च्या भुरुमल निकालानंतर रोजंदारीवाल्याला बहुधा एकरकमी भरपाईच मिळते, म्हणून अर्जात ‘पुनर्नियुक्ती, अथवा भरपाई’ अशा दोन्ही मागण्या लिहा.