उत्तर: ७८ स्पीडची बीटल्स म्हणजे नक्कल नव्हे

वर एकांनी लिहिलंय की ७८ स्पीडवरची (मिनिटाला ७८ फेरे) बीटल्स या इंग्लिश बँडची तबकडी नकलीच असणार, कारण इंग्लंडात त्यांची सिंगल्स, म्हणजे बाजूला एकेक गाणं असलेल्या छोट्या तबकड्या, ४५वर आली. तिकडचं ते बरोबर. पण आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीनं १९६०च्या दशकात त्यांची गाणी पार्लोफोन या त्यांच्या तिकडच्याच रेकॉर्ड-लेबलाखाली ७८वरही काढली. कारण साधं: ७८वरच वाजणारे चावीचे ग्रामोफोन चालू होते आणि वीज सगळीकडे पोचली नव्हती. खानापूरकडच्या आमच्या आजोळी मामा चावी भरूनच लावायचा. सुई दर खेपेला नवी.

माझ्याकडची एक बेळगावात कॅम्पातल्या बंगल्याच्या रद्दीत मिळाली, सैगलच्या तबकड्यांत दडलेली. हातात घेतली की वजनावरूनच कळतं, लाखेची आहे. पडली तर बशीसारखी फुटते. व्हायनल, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्यांचं, फुटत नाही, उन्हात पापडासारखं वाकतं, ते दुखणं वेगळं.

लेबलाला मात्र जपा हो. शहरातल्या एका जुन्या सामानवाल्यानं दुसऱ्या तबकडीच्या बरोब्बर लेबलावरच किमतीची चिठ्ठी डकवली होती. मी घाईनं ओढली, तर निम्मा कागद तिच्यासंगं आला. अजून चुटपूट लागते.

१९६८पासूनचं ॲपलचं, म्हणजे बीटल्सच्या स्वतःच्या कंपनीचं, लेबल मला सगळ्यांत आवडतं. एका बाजूला अख्खं हिरवं सफरचंद, पालथी केली की कापलेलं. धाकटी बहीण विचारायची, "दादा, उरलेली फोड कुणी खाल्ली?"

तुमच्या तबकडीच्या लेबलाचा फोटो टाका की, बघू.