जुन्या पीसीवर यूट्यूबचा आवाज नीट येतो पण चित्र अडकतं, २एक्सवर तर बघवतच नाही

अभ्यासिका_वरचा_मजला
नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यातलं आमचं गाव, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, एमपीएससी आणि पोलीस भरतीची पोरंपोरी दिवसभर बसतात, मी तिथली व्यवस्था बघतो. ज्यांच्याकडं मोबाईल धड नाही किंवा डेटा पुरत नाही त्यांच्यासाठी चार जुने डेस्कटॉप देणगीत मिळालेत. तीन आय३-२१०० प्रोसेसरचे आहेत, ४ जीबी रॅमचे, आणि एक त्याहून जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा. सगळ्यांवर विंडोज ७ आणि क्रोम १०९, त्याच्या पुढचं क्रोम त्यावर चढतच नाही.

अडचण अशी की लेक्चर लावलं की आवाज नीट येतो पण चित्र अडकतं, सर फळ्यावर काय लिहितायत ते दोन-तीन सेकंदांनी एकदम उडी मारून दिसतं. ७२० वर हे होतं. ३६० वर जरा बरं, पण मग फळ्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत. त्यात पोरं लेक्चर दीडपट किंवा २एक्सवर बघतात, सिलॅबस एवढा आहे की त्यांना इलाज नाही, तेव्हा तर चित्र थांबूनच राहतं. कॅशे साफ केली, क्रोम काढून परत टाकलं, काही फरक नाही. एक पोरगी रोज ११ किमी सायकल मारून येते, ती काल अर्धा तास नुसता आवाज ऐकून वहीत लिहीत होती, ते बघून इथं लिहायला बसलो. नवीन पीसी घ्यायला आत्ता पैसे नाहीत. काय करता येईल?

खानदेशी
भाऊ, आधी नेटचा स्पीड बघा. चार पीसी एकाच राउटरवर असतील तर वाटला जातो. वायर लावून बघितलं का?

अभ्यासिका_वरचा_मजला
फायबर आहे, ५० एमबीपीएस. रात्री एकच पीसी चालू ठेवून बघितलं तरी तेच. त्याच वायफायवर माझ्या मोबाईलमध्ये १०८० सुरळीत चालतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ९८-१०० टक्के दाखवतंय.

जुनंचसोनं
मग नेट सोडा. नेट कमी पडलं असतं तर आवाजही थांबला असता आणि मधोमध गोल फिरत बसलं असतं. आवाज चालू आणि चित्र अडकतंय याचा अर्थ डेटा पोचतोय पण चित्र उलगडायला मशीनला दम लागतोय. एक करा, चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा. त्यात कोडेक्स समोर काय लिहिलंय आणि ड्रॉप्ड समोरचा आकडा काय आहे ते इथं टाका. दोन मिनिटं लेक्चर चालू द्या मग बघा, लगेच नको.

अभ्यासिका_वरचा_मजला
कोडेक्सपुढे व्हीपी०९ आणि पुढं बरेच आकडे. ड्रॉप्ड ८१२ ऑफ १४५०. बफर हेल्थ ४० सेकंदांच्या वर आहे.

जुनंचसोनं
सापडलं. निम्म्याहून जास्त फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं, गळतायत, आणि बफर ४० सेकंद म्हणजे पुढचं ४० सेकंदांचं लेक्चर आधीच येऊन पडलंय, नेट निर्दोष.

आता नीट सांगतो कारण हे एकदा कळलं की चारही मशीन तुम्ही स्वतः बघू शकाल. व्हिडिओ नेटवरून दाबून, आवळून येतो आणि तो आपल्याकडं उलगडावा लागतो. आवळायची पद्धत म्हणजे कोडेक. एच.२६४ ही २००३ ची जुनी पद्धत, व्हीपी९ आली २०१३ ला, एव्ही१ आली २०१८ ला. नवीन पद्धतीत तेवढ्याच दर्जाला डेटा कमी लागतो पण उलगडायचं काम जास्त असतं. तुमचा आय३-२१०० आहे २०११ चा. त्याच्या ग्राफिक्समध्ये एच.२६४ उलगडायची वेगळी यंत्रणा आहे, ती सीपीयूला हातसुद्धा लावू देत नाही म्हटलं तरी चालेल. पण व्हीपी९ तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं, त्यामुळं ते सगळं काम सीपीयूच्या डोक्यावर पडतं. इंटेलमध्ये व्हीपी९ ची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली आणि एव्ही१ ची अकराव्या पिढीपासून. मोबाईल नवा म्हणून त्यात चालतं, एवढंच.

२एक्सचं गणितही यातच आहे. ३० फ्रेमचं लेक्चर दुप्पट वेगानं लावलं की सेकंदाला ६० फ्रेम उलगडायच्या, आणि व्हिडिओच ६० फ्रेमचा असेल तर १२०. म्हणजे पोरं वेग वाढवतात तेव्हा मशीनवरचा बोजा तेवढ्याच पटीनं वाढतो. हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

उपाय साधा आहे, ब्राउझरनं साइटला सांगायचं की मला व्हीपी९ येत नाही, एच.२६४ दे. फायरफॉक्स ११५ ची ईएसआर, म्हणजे जास्त काळ अपडेट मिळणारी, आवृत्ती टाका, विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची. त्यात एन्हान्स्ड-एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन टाका, व्हीपी९ आणि एव्ही१ दोन्ही ब्लॉक करा. त्याच्यातच ६० फ्रेम ब्लॉक करायची खूण आहे, तीही करा. मग एखाद्या व्हिडिओला ७२० चा पर्याय दिसणार नाही, तिथं ४८० घ्यावं लागेल. सेटिंगमध्ये परफॉर्मन्सखाली हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे ग्राफिक्सकडून काम करून घ्यायची सोय, चालू आहे ना बघा. परत स्टॅट्स उघडल्यावर एव्हीसी१ दिसलं पाहिजे, तेच एच.२६४.

रिपेअरवाला_मिरज
वरच्या दादांचं बरोबर आहे, पण मी वीस वर्षं ही मशीन उघडतोय म्हणून एक सांगतो. देणगीतले पीसी फॉरमॅट मारून देतात आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती चिप वापरता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, टाकायचा राहतो. डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले ॲडाप्टरखाली स्टँडर्ड व्हीजीए असं दिसलं तर हार्डवेअर ॲक्सिलरेशनची खूण करून काही होणार नाही, आधी इंटेलचा ड्रायव्हर टाका. विंडोज ७ आलं २००९ ला आणि ही चिप २०११ ची, त्यामुळं विंडोजच्या पोटात तो ड्रायव्हर नसतोच.

दुसरं, कॅबिनेट उघडून प्रोसेसरवरचा पंखा बघा. माझ्याकडं येणाऱ्या जुन्या मशीनमध्ये पंख्याखाली धुळीची अक्षरशः गादी असते. गरम झालं की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, मग कोडेक कुठलाही असू दे. ब्लोअर मारा, जुनी पेस्ट वाळून खडू झाली असेल ती पुसून नवीन लावा.

आणि पोरांना बजावून ठेवा, व्हिडिओ चालत नाही म्हणून फ्लॅश प्लेअर अपडेट करा किंवा कोडेक पॅक डाउनलोड करा असं कुठलंही पान सांगत असेल तर त्याला हात लावायचा नाही. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालंय, आता त्याचं अपडेट म्हणून जे येतं तो व्हायरस. या एका क्लिकपायी गेलेली किती मशीन मी बघितलीत.

उंबरठा
विंडोज ७ ठेवूच नका असं माझं मत. १४ जानेवारी २०२० ला त्याचे अपडेट थांबलेत. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाका, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबीत चांगली चालते, फायरफॉक्स ताजा मिळतो.

जुनंचसोनं
उंबरठा, पटतं, पण एकदम चारही बदलू नका. मिंटवर या चिपला आय९६५ नावाचा जुना ड्रायव्हर लागतो, तो नसेल तर परत सगळं सीपीयूवर येतं. एका मशीनवर करून बघा. तोवर विंडोज ७ वर परीक्षेची फी भरणं, बँकेचं काही उघडणं सक्त बंद ठेवा, फक्त लेक्चर.

अभ्यासिका_वरचा_मजला
मंडळी, तीन दिवसांनी लिहितोय. दोन आय३ वर फायरफॉक्स आणि एक्स्टेन्शन टाकल्याबरोबर फरक पडला, एव्हीसी१ दिसतंय, ड्रॉप्ड ३ ऑफ २१००, सीपीयू २५-३० वर. २एक्सला ४० च्या आसपास जातं पण चित्र अडकत नाही. तिसऱ्यावर काहीच फरक नव्हता, तिथं मिरजच्या दादांनी सांगितलं तेच निघालं, स्टँडर्ड व्हीजीए. ड्रायव्हर टाकला, चालू झालं.

कोअर टू ड्युओवर वेगळंच. यूट्यूब उघडतच नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतं. कोपऱ्यात बघितलं तर तारीख १ जानेवारी २००९! तारीख नीट केली की चालतं, लाईट गेली की परत २००९.

रिपेअरवाला_मिरज
मदरबोर्डवरचा सेल गेलाय, सीआर२०३२, नाण्यासारखा असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकली की साइटची सर्टिफिकेटं जुळत नाहीत, म्हणून ब्राउझर अडवतो. बाकी त्या मशीनकडून ७२० ची अपेक्षा नको. जी३१ या जुन्या चिपसेटचा बोर्ड असेल तर त्याच्या ग्राफिक्सला एच.२६४ सुद्धा येत नाही, सगळं सीपीयूच करणार. ४८० वर १एक्स ठेवा, जमलं तर दीडपट.

अभ्यासिका_वरचा_मजला
सेल बदलला, तारीख टिकली. ४८० वर फळा वाचता येतोय, दीडपटही चाललं. ती सायकलवाली पोरगी आज पहिल्या मशीनवर इतिहासाचं लेक्चर २एक्सवर बघत होती, मधेच थांबवून फळ्यावरच्या सनावळ्या उतरवून घेत होती. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आता फक्त एकच, चार-पाच टॅब उघडले की मशीन परत जड होतं, रॅम वाढवून उपयोग होईल का?

रिपेअरवाला_मिरज
होईल, हार्डडिस्क सारखी कुरकुरत असेल तर नक्कीच. तिन्ही आय३ ना डीडीआर३ प्रकारची रॅम लागेल, डेस्कटॉपची, लॅपटॉपची बसत नाही. बोर्डवर मोकळा स्लॉट आहे का त्याचा फोटो टाका. ४ जीबीच्या तीन पट्ट्या माझ्याकडं पडून आहेत, चालू आहेत, पैसे नकोत. आणि आतलं विंडोज ३२ बिट आहे का ६४ ते आधी बघा, ३२ बिट असेल तर ४ च्या वरची रॅम त्याला दिसणारच नाही.