मदत हवी आहे: पार्थेनॉनच्या मॉडेलचा कोपरा जुळत नाहीये

नमस्कार मंडळी, आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अथेन्सच्या पार्थेनॉनचं (प्राचीन ग्रीक मंदिर) १:१०० मॉडेल करतेय आणि कोपऱ्यावर येऊन अडकलेय.

डोरिक या ग्रीक बांधकामशैलीत खांबांच्या वरच्या पट्टीत ट्रायग्लिफ असतात, उभ्या खाचांचे ठोकळे. एक प्रत्येक खांबाच्या मध्यावर, एक दोन खांबांच्या मधे. कोपऱ्यावरचा मात्र पार कडेला सरकवावा लागतो, म्हणजे तो आणि शेजारचा ट्रायग्लिफ यांच्यामधली चौकट रुंद होणार. ती होऊ नये म्हणून ग्रीकांनी कोपऱ्याचा खांबच शेजारच्याकडे ओढून घेतला: इतरत्र दोन मध्यांतलं अंतर सुमारे ४.३ मीटर, कोपऱ्यात ३.७. हे मला कळलं कधी, तर सगळी भोकं सारख्या अंतरावर पाडून झाल्यावर! समोर ८, बाजूला १७, एकूण ४६ खांब. पाया परत कापायचा की नुसती कोपऱ्याची भोकं बुजवून चालेल?

दुसरं, लांब बाजूला जोत्याला मधे साधारण ११ सेंटीमीटरचा फुगवटा आहे. माझ्या मापात जेमतेम १ मिलिमीटर. सनबोर्डखाली मधोमध कार्डपेपरच्या पट्ट्या सारून दाखवावा का? सर म्हणतात सोडून दे, पण मला तर तीच गंमत वाटते.

आणि खांब: मॉडेलमध्ये उंची १०.४ सेंटीमीटर, प्रत्येकावर २० खाचा, वर निमुळता, मधे किंचित फुगीर. लाकडी दांड्या पॉलिशपेपरने घासून तीनच झालेत, बोटं सोलली. थ्रीडी प्रिंटिंगला परवानगी नाही. कुणी केलंय का असं काही? सोमवारी सबमिशन आहे.