कोजागिरीला गच्चीवर 'किल द मून' दाखवावा का? (स्पॉयलर आहेत)

पाथर्डीफाटा

मंडळी, सल्ला हवाय. आमच्या सोसायटीत (इंदिरानगर, नाशिक) कोजागिरीला गच्चीवर आधी भेंड्या, मग आटीव दूध आणि शेवटी सतरंजीवर पेंगलेली पोरं असा ठरलेला कार्यक्रम असतो. यंदा सांस्कृतिकचं लोढणं माझ्या गळ्यात आहे. चौथ्या मजल्यावरच्या काकांकडे प्रोजेक्टर आहे, म्हणून म्हटलं चंद्रावरचा एखादा विज्ञानकथेचा भाग दाखवू आणि दूध आटेपर्यंत त्यावर गप्पा मारू. प्रेक्षक म्हणजे आठवी ते बारावीची मुलं, त्यांचे आईवडील आणि हौशी आजी-आजोबा.

भाचीने 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेचा 'किल द मून' सुचवला. २०१४चा भाग, आठव्या सीझनमधला सातवा. पाहिला, आणि हिरमोड झाला. सुरुवात काय जबरदस्त आहे! साल २०४९, चंद्र अचानक जड झालाय, पृथ्वीवर भरतीने हाहाकार माजलाय आणि मोडक्या शटलमधून शंभरेक अणुबॉम्ब घेऊन तीन थकलेले अंतराळवीर चंद्रावर येतात. तिथल्या खाणकामगारांच्या तळावर जाळ्यांत गुंडाळलेली प्रेतं. मी पाय वर घेऊन बसले होते. आणि मग कळतं की चंद्र हे एक अंडं आहे. बॉम्ब लावून आतलं पिल्लू मारायचं की जगू द्यायचं? शेवटी पिल्लू उडून जातं, कुणाला काही होत नाही, आकाशात नवा चंद्र हजर.

पण टाकून द्यावा असंही वाटत नाही. मध्ये काहीतरी आहे त्यात. दाखवू का? की दुसरं काही सुचवाल? तासाभराच्या आत संपणारं हवं.

मिसळप्रेमी

नका दाखवू. चंद्र म्हणे अंडं! आपलं चांद्रयान-३ उतरलं तेव्हा टरफल तडकलं नाही हे नशीबच म्हणायचं.

वाकीखापर

मिसळप्रेमी, हसू आलं, पण अंडं ही कल्पना मला वाईट वाटत नाही. ती नीट निभावली नाही, हे दुखणं आहे. शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

डॉक्टर (मालिकेचा नायक) यो-यो खाली-वर करून बघतो आणि म्हणतो, इथे आपण तरंगायला हवं होतं. चंद्रावरचं गुरुत्व आपल्या एक षष्ठांश, पण ही मंडळी मात्र कॉलेज रोडवर फिरल्यासारखी चालतात. सुरेख सुरुवात. प्रयोग करून शंका काढणं पडद्यावर क्वचित दिसतं. पुढे कारण येतं की चंद्राचं वजन एक पूर्णांक तीन अब्ज टनांनी वाढलंय. म्हणजे १३० कोटी टन. ऐकायला भलं मोठं. आता आपल्या हिशेबात बघा. जायकवाडी काठोकाठ भरलं की साधारण २९० कोटी घनमीटर पाणी असतं आणि एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. म्हणजे चंद्राचं सगळं वाढलेलं वजन अर्ध्या जायकवाडीइतकंही नाही! गंगापूर धरणाच्या भाषेत सांगायचं तर आठ धरणं. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही यावर आपल्याकडे कोर्टकचेऱ्या होतात, पण तेवढ्या पाण्याने समुद्राला भरती आल्याचं ऐकिवात नाही. चंद्राचं वस्तुमान ७३५ वर वीस शून्यं इतके किलो आहे. १३० कोटी टन हा त्याचा साडेपाच हजार कोटींतला एक भाग. यो-योला त्याचा पत्ताही लागणार नाही. पृथ्वीइतकं गुरुत्व हवं तर तेवढ्याच आकाराच्या चंद्रात आणखी पाच चंद्र कोंबावे लागतील.

आणि मुळात अंडं जड होतंच कसं? कोंबडीचं अंडं उबवताना उलट हलकं होतं. कवचाच्या बारीक छिद्रांतून बाष्प जातं आणि एकवीस दिवसांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटतं. पिल्लू वाढतं ते आतल्याच बलकावर, बाहेरून काही येत नाही. भरती जगभर एकाच वेळी येते म्हणतात, तेही अशक्य. एकीकडे पाणी चढलं की दुसरीकडे ओहोटी लागणारच. पाणी आणणार कुठून?

आता माझी खरी तक्रार. यातली प्रत्येक गोष्ट फुकट मिळते. वजन फुकट वाढतं. टरफलाचे तुकडे पृथ्वीवर कोसळायला हवेत, ते हवेत विरून जातात. पिल्लू जन्मल्या जन्मल्या स्वतःएवढंच अंडं घालतं, म्हणजे नवा चंद्रही फुकट. आणि पिल्लू वाचवण्याचा निर्णयही फुकटच पडतो. त्याची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही. वर बक्षीस म्हणून माणूस पुन्हा अंतराळात झेपावतो. विज्ञानातली चूक आणि गोष्टीतली चूक मला वेगळ्या वाटत नाहीत. लेखकाने (पीटर हार्नेस) हिशेब कुठेच पुरा केला नाही. नारळीकरांच्या गोष्टींवर वाढलेल्या वाचकाला हे जास्त खटकतं, कारण तिथे एक अचाट गोष्ट मान्य केली की पुढचं सगळं नियमाने चालतं.

निळीपेटी

सर, पोलिसांच्या निळ्या खोक्यात बसून काळात फिरणाऱ्या माणसाकडून टनांचा हिशेब मागायचा? ही मालिका १९६३पासून असंच काहीतरी सांगत आलीय. अंडं चालत नसेल तर खोकंही चालायला नको.

वाकीखापर

खोकं चालतं, कारण ते जादूचं आहे हे पहिल्या दिवशीच सांगून टाकलंय. या भागात मात्र आकडा त्यांनी स्वतःहून दिला. आकडा दिलात की तो तपासला जाणार. "चंद्र जड झालाय" म्हणून थांबले असते तर मी मुकाट्याने बसलो असतो.

निळीपेटी

हे पटलं. पण तुम्ही सगळे शेवटाबद्दल बोलताय आणि शेवटानंतरच्या शेवटाबद्दल एक अक्षर नाही. क्लारा (डॉक्टरबरोबर फिरणारी) आणि डॉक्टरचं भांडण! डॉक्टर निर्णयाच्या ऐन वेळी "तुमचा चंद्र, तुमचं तुम्ही बघा" म्हणून खोक्यात बसून निघून जातो. मागे राहतात तिघी: पन्नाशीकडची अंतराळवीर लुंडविक, शिक्षिका क्लारा आणि तिची पंधरा वर्षांची विद्यार्थिनी कर्टनी. सगळं निभावल्यावर तो परत येतो आणि शाबासकी दिल्यासारखा बोलतो. तेव्हा क्लारा जी फुटते! रडते, ओरडते, चालता हो म्हणते. तो बिचारा खरंच गोंधळलेला, मी तर तुझा मान राखला असं त्याला वाटतंय. जेना कोलमन आणि पीटर कपाल्डी दोघांचंही त्या मालिकेतलं सगळ्यात चांगलं काम मला तिथे दिसतं. मोठ्या माणसाने "तुझं तू ठरव" म्हणून हात झटकणं आणि खरोखर विश्वास टाकणं यातला फरक बारावीच्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. दहावीनंतर साईड निवडताना त्यांनी तो भोगलेला असतो.

सर म्हणतात किंमत कुणी मोजत नाही. क्लारा मोजते. तिचा त्याच्यावरचा भरवसा जातो.

वाकीखापर

हं. एवढं मान्य. तिथे हिशेब पुरा होतो.

तारांगणवाला

एक मुद्दा कुणी काढला नाही. क्लारा पृथ्वीवर संदेश पाठवते की पिल्लू मारावं असं वाटत असेल त्यांनी दिवे घालवा, जगू द्यावं वाटत असेल त्यांनी चालू ठेवा. मग चंद्रावरून दिसतं की एकेक खंड काळोखात जातोय. दृश्य म्हणून अप्रतिम. आता भूमिती बघा. चंद्रावरून पृथ्वीची रात्रीची बाजू पूर्ण दिसायची असेल तर सूर्य पृथ्वीच्या पलीकडे हवा. तेव्हा पृथ्वीवरून चंद्र कसा दिसतो? पूर्ण! म्हणजे हे मतदान पौर्णिमेलाच नीट होऊ शकतं. ताई, तुमची कोजागिरी अगदी बरोबर पडतेय.

आणि त्यातली मेख अशी की मत देता येतं फक्त अर्ध्या जगाला. उरलेल्या अर्ध्या जगात भर दुपार, तिथे दिवे लावले काय आणि घालवले काय. शिवाय ज्या गावात त्या रात्री लोडशेडिंग आहे त्यांनी पिल्लू मारायला कौल दिला असं धरायचं का? आमच्या मामाचं गाव सिन्नरच्या पुढे आहे, ते तर कायम विरोधी पक्षात बसेल.

मिसळप्रेमी

😂 लोडशेडिंगवाला मुद्दा मुलांना नक्की विचारा. माझा "नका दाखवू" मागे.

आजीचा_बटवा

मी हा भाग नातवाबरोबर पाहिलाय. दोन गोष्टी सांगते. ते मोठाले कोळी (खरं तर जंतू, पण दिसायला कोळीच) दोन अंतराळवीरांना मारतात, ते आठवीच्या खालच्या पोरांना दाखवू नका. रात्री गच्चीवर तर नाहीच. आमचा सहावीतला चार दिवस बाथरूमला एकटा जाईना. ते कोळी जंतुनाशकाच्या फवाऱ्याने मरतात म्हटल्यावर त्याने घरातली बाटली संपवली, ते वेगळंच.

दुसरं, पोटातलं पिल्लू, तिघी बायकांनी ठरवायचं, बाहेरून सगळ्यांनी मत द्यायचं, यावरून बऱ्याच प्रेक्षकांना गर्भपाताचा वाद आठवला होता. मोठी मुलं हा प्रश्न काढतील. काढला तर दडपू नका, पण उत्तराची तयारी असलेलं एखादं माणूस जवळ बसू द्या.

पाथर्डीफाटा

आजी, कोळ्यांचं बरं झालं सांगितलंत, तिसरीतलेही दोघं येणार होते. आणि मतदानाचं वाचून मला उलटाच प्रश्न पडलाय. अख्खी पृथ्वी दिवे घालवते, म्हणजे मारा म्हणते. तरी शेवटच्या क्षणी क्लारा बॉम्ब बंद करते! मग विचारलं कशाला? आमच्या सोसायटीच्या सभेत असं झालं असतं तर सेक्रेटरीला पळता भुई थोडी झाली असती.

निळीपेटी

हीच तर गंमत आहे. आणि भाग तिथे थांबतच नाही. लगेच पिल्लू उडतं, क्लारा बरोबर होती असं सिद्ध होतं आणि प्रश्न संपतो. तिने अब्जावधी लोकांचं मत डावललं याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पिल्लू दुष्ट निघालं असतं तर?

ढोल्यागणपती

उशिरा आलो. पर्याय विचारलाय म्हणून एक नाव देतो: 'द ट्वायलाइट झोन', १९६०चा 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट'. कृष्णधवल, पंचवीसेक मिनिटांचा. एका गल्लीतली वीज जाते आणि शेजारी एकमेकांवर संशय घेऊ लागतात. कुणाची गाडी आपोआप सुरू होते, कुणाच्या घरात मध्येच दिवा लागतो, झालं, तोच परग्रहावरचा! चंद्राचा संबंध शून्य, पण सोसायटीत दाखवायला याहून चपखल काही नाही. ज्यांचं पार्किंगवरून वाजलंय त्यांना पुढच्या रांगेत बसवा. लेखक रॉड सर्लिंगने त्यात तपासत बसावा असा आकडा दिलेला नाही, त्यामुळे सरांचीही अडचण नाही.

चंद्रच हवा असेल तर 'स्पेस: १९९९'चा पहिला भाग. अणुकचऱ्याचा स्फोट होतो आणि चंद्र कक्षेतून सुटून भरकटतो. पण त्यातलं विज्ञान अंड्यापेक्षा फार सरस नाही आणि आजच्या मुलांना तो रटाळ वाटेल. मी तरी दाखवणार नाही.

वाकीखापर

मेपल स्ट्रीटला अनुमोदन. पण ताई, माझं मत बदललंय. 'किल द मून'च दाखवा, मात्र अख्खा नको. चांगला भाग दाखवून लोक "छान होतं" म्हणतात आणि दुधाकडे वळतात. हा फसलाय, आणि कुठे फसलाय ते बोट ठेवून दाखवता येतं, म्हणून चर्चा होईल. सुरुवात दाखवा, कोळ्यांचा तुकडा पळवा, क्लाराचा संदेश पूर्ण ऐकवा आणि पृथ्वीवरचे दिवे विझायला लागण्याआधी थांबवा. अंडं उमलण्याचं दृश्य सरळ गाळा.

तारांगणवाला

आणि तिथे मतदान घ्या ना खरोखर! सगळे गच्चीवर असणार, खाली फ्लॅट रिकामे. दोन मुलांना समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोजायला पाठवा. प्रत्येक घरातून एकाने खाली जाऊन हॉलचा दिवा ठेवायचा किंवा घालवायचा. एका घरात चार माणसं आणि दिवा एकच, मग मत कुणाचं, यावर तिथेच अर्धा तास जाईल.

पाथर्डीफाटा

ठरलं! मतदान घेणारच. फक्त निळीपेटींचं भांडणाचं दृश्य मला सोडवत नाही. मतदानानंतर, निकाल काहीही लागो, थेट तेवढंच दाखवते. डॉक्टर का पळाला आणि क्लाराने मतदान का मोडलं यावर पोरांना भांडू दे. पिल्लाचं काय झालं ते ज्याला हवं त्याने घरी जाऊन बघावं. मेपल स्ट्रीट ३१ डिसेंबरसाठी राखून ठेवलाय, पार्किंगवाले दोघेही तेव्हा हमखास येतात.

सर, जायकवाडीचा हिशेब एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्याल का? आमच्याकडे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत. ते आकडा तपासल्याशिवाय दूध घेणार नाहीत.

वाकीखापर

उद्या शाळा सुटल्यावर टाकतो. टीएमसीतही (अब्ज घनफुटांत) देतो, त्यांना तेच लागेल. १३० कोटी टन म्हणजे साधारण ४६ टीएमसी.

आजीचा_बटवा

लिफ्टचं बघा आधी. सगळे एकदम दिवे घालवायला खाली धावले तर आजी-आजोबांना जिन्याने जावं लागेल. आमचं मत वरूनच हात वर करून घ्या.