शब्दचर्चा : क्वार्टरबॅक ‘लवकर’ घ्यायचा की ‘आधी’?

मंजिरी (क्लीव्हलंड)

दिवाळी अंकासाठी लेख दिला होता, तो काल मुद्रितशोधनातून परत आला. माझं वाक्य होतं : ‘ज्या संघाकडे भरवशाचा क्वार्टरबॅक नाही, त्याने तो लवकर ड्राफ्ट करावा का?’ परत आलं ते असं : ‘...त्याने त्याचा मसुदा लवकर तयार करावा का?’ अंक तपासणारे काका बरीच वर्षं हे काम करताहेत, शब्दाला फार जपतात. फोन केला तर म्हणाले, ‘ड्राफ्टला मराठीत मसुदाच म्हणतात. आणि लवकर म्हणजे किती लवकर, ते तू लिहिलेलं नाहीस.’ पहिल्या शंकेचं उत्तर माझ्याकडे होतं. दुसरीवर मी अडले.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी : अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन संघाचा डाव चालवणारा खेळाडू. आणि ड्राफ्ट म्हणजे दर एप्रिलला ३२ संघ कॉलेजातून येणारी मुलं पाळीपाळीने घेतात ते. सात फेऱ्या होतात. गेल्या हंगामात जो तळाला, त्याची पाळी पहिली. म्हणजे इथे ‘लवकर’ ही वेळ नाही, तो नंबर आहे.

आमचे ब्राउन्स, म्हणजे क्लीव्हलंडचा संघ, १९९९मध्ये नव्याने उभे राहिले आणि पहिल्याच नंबरवर टिम काऊच हा क्वार्टरबॅक घेतला. मग २००७मध्ये ब्रेडी क्विन, २०१२मध्ये ब्रँडन विडन, २०१४मध्ये जॉनी मॅन्झेल, तिघेही नेमके २२व्या नंबरवर. २०१८मध्ये पुन्हा पहिल्या नंबरवर बेकर मेफिल्ड. पाचांतला एकही इथे टिकला नाही. आमच्या शेजारच्या आजोबांच्या गॅरेजात एक जर्सी टांगलेली आहे. पाठीवर काऊचचं नाव, त्याखाली पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर मार्करने पुढच्याचं नाव, त्याखाली आणखी एक. पट्ट्या कमरेपर्यंत आल्या आहेत, वरच्या पिवळ्या पडल्यात. गेल्या महिन्यात त्यांनी मला त्या एकेक करून वाचून दाखवल्या. लेख तिथून सुचला.

विडनचं उदाहरण देताना मी ‘लवकर घेतला’ असं लिहिलं, आणि तो तेव्हा २८ वर्षांचा होता! मराठी वाचकाला वाटणार, लवकर म्हणजे कोवळ्या वयात. ‘ड्राफ्ट’ला आणि या ‘लवकर’ला काय म्हणू? शनिवारी अंक छपाईला जातोय.

अविनाश (पुणे)

मसुदा इथे चूकच. तो अरबी शब्द, मुळात काळं केलेलं, म्हणजे शाईने लिहिलेलं असा अर्थ. कागदाखेरीज तो वापरता येणार नाही. पण म्हणून ‘ड्राफ्ट’ तसाच ठेवायचा हेही मला पटत नाही. क्रिकेट आलं तेव्हा आपण हात वर केले नाहीत. पायचीत, धावचीत, यष्टिचीत, झेलबाद हे शब्द घडवले आणि आज मुलं ते सहज वाचतात. ‘खेळाडूनिवड’ म्हणा, समारंभाला ‘निवडसत्र’ म्हणा. क्वार्टरबॅकलाही शब्द हवा, तो नंतर बघू.

तुषार (न्यू जर्सी)

अविनाशकाका, निवड म्हटलं की गेलं सगळं. निवड तर लिलावातही असते, शाळेच्या संघातही असते. ड्राफ्टमध्ये मुलाला संघ निवडता येत नाही आणि संघाला पाळी आल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. ज्याने नाव घेतलं, त्याचा त्या मुलावर हक्क. १९३६मध्ये फिलाडेल्फियाला पहिला ड्राफ्ट झाला, त्यात पहिलं नाव जे बरवँगरचं होतं. तो एकही व्यावसायिक सामना खेळला नाही, पण त्याच्यावरचा हक्क मात्र एका संघाने दुसऱ्याला दिला. हे ‘निवड’ या शब्दात कुठे बसतं? सक्तीच्या लष्करभरतीला इंग्रजीत हाच शब्द आहे, ते उगाच नाही. ड्राफ्टच लिहा. ज्यांना खेळ कळतो त्यांना शब्द कळतो, आणि ज्यांना कळत नाही त्यांना ‘निवडसत्र’ वाचूनही कळणार नाही.

रोशन (मडगाव)

आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, पण अनुभव सांगतो. २०१७मध्ये इंडियन सुपर लीगचा ड्राफ्ट मुंबईत झाला तेव्हा गोव्यातले आम्ही सगळे ड्राफ्टच म्हणत होतो. कोणी अडखळलं नाही. आणि परका शब्द नको म्हणत असाल तर ‘लिलाव’चं काय? तो पोर्तुगीज ‘लेलांव’. आम्ही कोकणीत देवळातल्या लिलावाला ‘पावणी’ म्हणतो आणि मराठीने मात्र पोर्तुगीज शब्द घरचा करून टाकला. आज आयपीएलच्या बातमीत लिलाव वाचताना कोणाला लिस्बन आठवतं?

शैला (मिरज)

तुमचं वाचून मला आमचं वाड्यामागचं मैदान आठवलं. तुम्ही सगळे शब्द शोधताय आणि तो आपल्या खेळात पडलाय. भिडू! आम्ही ‘भिडू मागायचो’. दोन कप्तान समोरासमोर उभे राहायचे आणि एकेक भिडू मागायचे. काल जी बाजू हरली, तिला आज पहिला भिडू मागायचा हक्क. हा नियम आम्हाला कोणी शिकवला नव्हता आणि तो मोडायची कोणाची छातीही नव्हती. मंजिरी जे सांगतेय ते अगदी हेच ना? तळाचा आधी मागणार.

माझा धाकटा भाऊ सगळ्यात शेवटी मागितला जायचा. कोणाची पाळी संपत आली की तो चपलेच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढत खाली बघत उभा राहायचा. त्याला मागितला नाही असं कधी झालं नाही, पण शेवटी मागितला हे त्याला आजही आठवतं. साठीला आलाय.

कधी जोडीजोडीने लांब जाऊन, खांद्यावर हात टाकून नावं पाडायची. एक चंद्र, एक सूर्य. मग कप्तानाला विचारायचं, ‘चंद्र घेतोस का सूर्य?’ ‘भिडू-मागणी’ हा शब्द मी सुचवते.

अविनाश (पुणे)

शैलाताई, शब्द गोड आहे, पण चंद्र-सूर्य हा प्रकार वेगळा. त्यात कोण कुठला हे कप्तानाला माहीत नसतं, म्हणजे ती सोडत झाली. आणि इथे एक गंमत बघा. इंग्रजीत ‘ड्रॉ’ म्हणजे ओढणं. त्याच्याच कुळातला हा ड्राफ्ट. आपण तेच काम ‘सोडतो’ : म्हाडाची सोडत निघते. ते ओढतात तिथे आपण सोडतो.

तुषार (न्यू जर्सी)

सोडत बास्केटबॉलला लागू पडेल. एनबीएमध्ये १९८५पासून तळाच्या संघांची खरोखरच सोडत काढतात, मुद्दाम हरून पहिला नंबर मिळवू नये म्हणून. फुटबॉलमध्ये ती नाही. तिथे तळ तो तळ. शैलाताईंचा पहिला खेळ, काल हरला तो आज पहिला, हाच बरोबर. मी माझा हट्ट थोडा मागे घेतो. पण भिडू हा मैदानावरचा शब्द आहे, लेखात शोभेल का?

शैला (मिरज)

का नाही शोभणार? वर ‘पायचीत’ची एवढी स्तुती झाली. त्यातलं ‘चीत’ आलं कुठून? कुस्तीच्या मातीतून. पाठ टेकली की पैलवान चीत. तेव्हा कोणीतरी मैदानावरचाच शब्द उचलून छापला ना?

हेमंत (बीड)

‘उचलून’ वाचलं म्हणून लिहितो. हल्ली सगळे लिहितात, अमक्या संघाने अमक्याला ‘उचलला’. मंजिरीताईंच्या लेखात तो शब्द येऊ नये अशी माझी विनंती आहे. आमच्याकडे उचल म्हणजे ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला. माझ्या घरात ती तीन हंगाम फिटली नव्हती. खेळाडू कोट्यवधी कमावतो, त्याला उचलला म्हणू नका.

मंजिरी (क्लीव्हलंड)

हेमंतदादा, तो शब्द दोन ठिकाणी होता, काढला. हे सांगितलंत त्याबद्दल मनापासून आभार.

पण ‘लवकर’ राहिलंय. त्यावर कोणीच बोलत नाही.

शैला (मिरज)

अगं, ‘आधी’ म्हण की. तानाजी काय म्हणाला? ‘आधी लगीन कोंढाण्याचं, मग माझ्या रायबाचं.’ त्यात वेळ नाहीये. कशाला मान पहिला, ते आहे. ‘क्वार्टरबॅक आधी मागावा का?’ बघ कसं लागतंय.

मंजिरी (क्लीव्हलंड)

शैलाताई! मी दहा मिनिटं नुसती हे वाक्य म्हणत बसले. ‘आधी’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो : कशाच्या आधी? आणि लेखाचा खरा मुद्दा तोच आहे. क्वार्टरबॅक आधी, की त्याला वाचवणारी समोरची फळी आधी? २००२मध्ये ह्यूस्टनचा नवा संघ आला. त्यांनी पहिल्या नंबरवर डेव्हिड कार घेतला, आणि पुढे उभं राहायला धड माणसं नव्हती. त्या एका हंगामात तो ७६ वेळा चेंडूसकट पाडला गेला. तो विक्रम आहे. काऊचचंही तेच झालं.

तुषार (न्यू जर्सी)

थांबा. इथे दोन्ही शब्द लागतात, आणि मराठीत ते वेगळे आहेत हे फार बरं आहे. ‘आधी’ घेणं एक आणि ‘लवकर’ उतरवणं दुसरं. कॅन्सस सिटीने २०१७मध्ये १७ पायऱ्या वर चढून १०व्या नंबरवर पॅट्रिक माहोम्स घेतला. त्यासाठी पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्कही देऊन टाकला. म्हणजे आधी घेतला, किंमत मोजून घेतला. पण ते वर्ष जवळजवळ पूर्ण त्याला ॲलेक्स स्मिथच्या मागे बाकावर बसवला. ॲरन रॉजर्स २००५मध्ये २४वा होता, तो तीन वर्षं बसला. काऊच? पहिल्या सामन्यात ब्राउन्स ०-४३ असे हरले आणि दुसऱ्या सामन्यापासून तो सुरुवातीलाच मैदानात. ब्राउन्सने आधी घेतला यात चूक नव्हती, लवकर उतरवला यात होती. माझं ठाम मत आहे : क्वार्टरबॅक आधीच घ्यावा. तो नसेल तर बाकीचं सगळं असूनही जानेवारीत, बाद फेरीच्या वेळी, घरी बसावं लागतं.

हेमंत (बीड)

मी आताच शोधून वाचलं. टॉम ब्रेडी १९९वा होता आणि त्याने सात सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचे अंतिम सामने, जिंकले. ब्रॉक पर्डी तर २६२वा, २०२२च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा. मग आधी मागायची घाई कशाला?

तुषार (न्यू जर्सी)

कारण एका ब्रेडीच्या मागे शेकडो जण आहेत ज्यांचं नाव कोणाला आठवत नाही. शेवटच्या फेरीत सापडतो त्याला नशीब म्हणतात, त्यावर संघ उभा करता येत नाही. पैशाचंही बघा. २०१०मध्ये पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर कबूल केले होते. २०११ला वेतनाचे नियम बदलले आणि पहिल्याच नंबरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे २ कोटी २० लाख मिळाले. आता आधी घेतलेला क्वार्टरबॅक चुकला तरी तिजोरी रिकामी होत नाही.

मंजिरी (क्लीव्हलंड)

तिजोरी नाही होत तुषार, पण पाळी जाते ना. ती परत येत नाही. २०१७मध्ये आमचा पहिला नंबर होता. ब्राउन्सने त्यावर क्वार्टरबॅक न घेता माइल्स गॅरेट घेतला, समोरच्या क्वार्टरबॅकला पाडणारा. १९९९पासून या गावाने घेतलेला सगळ्यात मोठा खेळाडू तोच, असं मला वाटतं. २०२५मध्ये दुसरा नंबर जॅक्सनव्हिलला देऊन ते मागे सरकले आणि क्वार्टरबॅक तिसऱ्या व पाचव्या फेरीत घेतले. आजोबा म्हणाले, ‘निदान या वेळी हावरटपणा नाही केला.’

अविनाश (पुणे)

त्या हावरटपणाला आपल्याकडे पूर्ण म्हण आहे : उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मंजिरी, ही लेखात घे. आणि क्वार्टरबॅकचं राहिलं होतं. १८८०मध्ये वॉल्टर कँपने चेंडू मागे देण्याचा नियम आणला, तेव्हा तो घेणाऱ्याला हे नाव मिळालं. सगळ्यात मागे फुलबॅक, त्याच्या पुढे हाफबॅक, रांगेला सगळ्यात जवळ क्वार्टरबॅक. आपली पावकी-निमकी! ‘पाव’ संस्कृत ‘पाद’वरून. मी ‘पावमागचा’ असा शब्द सुचवतो.

रोशन (मडगाव)

काका, गोव्यात पाव म्हटलं की पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून येतो. हा शब्द कोणी वापरणार नाही.

अविनाश (पुणे)

कोणीतरी पहिल्यांदा वापरावाच लागतो. ‘यष्टिरक्षक’लाही लोक नाही म्हणाले असतील.

तुषार (न्यू जर्सी)

आणि मैदानावर आजही सगळे ‘कीपर’च म्हणतात.

मंजिरी (क्लीव्हलंड)

लेख गेला. वाक्य असं ठेवलं : ‘ज्या संघाकडे भरवशाचा क्वार्टरबॅक नाही, त्याने ड्राफ्टमध्ये तो आधी मागावा का?’ खाली शैलाताईंचा हरलेल्या बाजूचा नियम एका परिच्छेदात सांगितला. मुद्रितशोधक काकांनी ‘आधी’ आणि ‘मागावा’ लगेच मान्य केलं. ‘भिडू’च्या जागी ‘गडी’ घातलं, म्हणाले, भिडू मुंबईच्या सिनेमाचा वाटतो.

शैला (मिरज)

सिनेमाचा? सिनेमाच्या कितीतरी आधीचा आहे तो! भिडायला जो आपल्या बाजूने उभा तो भिडू, असं माझे वडील सांगायचे. आणि गडी घरात कामाला असतो. त्यांना सांग, मी स्वतः फोन करीन.

हेमंत (बीड)

कबड्डीत गडीच बाद होतो, शैलाताई. आमच्याकडे गडी हाच मानाचा शब्द.

रोशन (मडगाव)

शैलाताईंच्या धाकट्या भावासारखा जो कोणाच्याच बाजूला मोजत नाहीत, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात? मुंबईच्या मावसभावांकडून मी ‘कच्चा लिंबू’ ऐकलंय.

शैला (मिरज)

आम्ही लिंबूटिंबू म्हणायचो. पण त्याला नाही. त्याला मागायचे, शेवटी का होईना.