बोहारीण आली आणि परत गेली

ओसरी:
परवा सोसायटीच्या गेटवर बोहारीण आली होती. पाटीत स्टीलची पातेली, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. वॉचमनने आत सोडलं नाही. मी चौथ्या मजल्यावरून हाक मारेपर्यंत ती वळलीसुद्धा.

आमच्या चाळीत आई जिन्यात बसून घासाघीस करायची. तीन साड्या नि बाबांची पँट, बदल्यात एक पातेलं, तेही झाकणासकट हवं. बोहारीण पँट उजेडाकडे धरायची, बूड विरलंय का बघायला. आई म्हणायची, "अगं, दोनच वर्षं वापरलीय." ती म्हणे, "मग साहेब दोन वर्षं खुर्चीवरनं उठलेच न्हाईत का, बाई?" मग "अजून एक साडी घाला". आई नाही म्हणायची. ती पाटी उचलून जिन्याच्या वळणापर्यंत जायची आणि परत यायची. दर वेळी. ते पातेलं अजून दूध तापवायला आहे माझ्याकडे.

तर परवा कपाट उघडलं आणि कुर्ते मोजले. ४१. त्यातल्या सातांची लेबलंही काढलेली नाहीत. तुमच्याकडे काय साठलंय? काही बंद केलंत का? लिहा. लाजू नका, माझं लाजून झालंय.

खमंग_काकडी:
वाण!!! माळ्यावर खोकं आहे, दर संक्रांतीला भर पडते. काल मोजल्या, १४ चहाच्या गाळण्या. घरात चहा पिणारे दोघं. गेल्या वर्षी मी हळदीकुंकवाला प्लास्टिक नको म्हणून पाव पाव किलो गूळ लुटला. जाऊबाई दारातून म्हणाल्या, "वाण पाठवून देणार का नंतर?"

जिन्याखाली:
@खमंग_काकडी आमच्याकडे साबणाच्या डब्या. गाळणी मात्र कालच तुटली, चेष्टा नाही. एक द्याल?

शून्य_शिल्लक:
मी ऑनलाइन कोथिंबीर मागवली, २० रुपयांची. १९९ च्या वर घरपोच फुकट, नाहीतर २५ रुपये. मग बिस्किटं, एक सॉस, कुठलंसं मखाण्याचं पाकीट असं करत २१४ केले. दहा मिनिटांत सगळं आलं, कोथिंबीर सोडून. ती संपली होती, तिचे पैसे परत. भाजीवाला खाली गाडी लावून उभाच होता.

आता एक करतो. रविवारी रात्री फोनमधले आठवड्याचे सगळे व्यवहार वहीत हाताने उतरवतो. अण्णांची वाण्याकडे लाल वही असायची, तसलीच लांबोडी आणली. यूपीआय येऊन (२०१६) आता इतकी वर्षं झाली, पाकिटातली नोट मोडताना जो जीव खालीवर व्हायचा तो होतच नाही. फोनवर चाळताना ४०-६० रुपये दिसत नाहीत, लिहिताना हात दुखतो.

ओसरी:
@शून्य_शिल्लक वही कितीला आणलीत? :D

शून्य_शिल्लक:
९०. पहिली नोंद तीच आहे.

मागावरचा:
इचलकरंजीत धंदा आहे आमचा म्हणून सांगतो. ताई, तुमचे ४१ कुर्ते बोहारणीनेही नाखुशीनेच घेतले असते. पूर्वीची सुती साडी फाटली की गोधडीत, मग पायपुसण्यात, शेवटी स्टोव्ह पुसायला. आता निम्म्याहून जास्त माल पॉलिस्टर नाहीतर मिक्स. फडकं केलं तर पाणी पीत नाही, नुसतं पसरवतं. पानिपतला जुने लोकरी कपडे पिंजून सूत काढतात, त्याची ब्लँकेटं होतात. पण सूत-पॉलिस्टर एकत्र विणलेलं वेगळं काढणं फार जिकिरीचं. एका सुती टीशर्टला कापसापासून धरून २७०० लिटर पाणी लागतं हेही वाचलं असेलच.

खमंग_काकडी:
२७०० लिटर! आमच्याकडे आज टँकर आला नाही, मी पुन्हा कपडे मोजायला घेणार नाही.

पलीकडची_सई:
टोकियोत आहे. इथे मोठी वस्तू टाकायला पैसे पडतात. आधी ऑनलाइन तारीख घ्यायची, मग कोपऱ्यावरच्या दुकानातून २०० आणि ३०० येनची स्टिकरं आणायची, ती वस्तूला चिकटवून सकाळी खाली ठेवायची. मी एक खुर्ची अशी टाकली. स्वस्तात घेतली होती, टाकताना महाग पडली. तेव्हापासून दुकानात वस्तू हातात घेतली की आधी स्टिकर दिसतं. (पोळपाट मात्र दोन आहेत. दोन्ही भारतातून वजन भरून आणलेत. एकही देणार नाही.)

तिसरी_घंटा:
सगळ्यांचं वाचलं. थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. आम्हा तिघी बहिणींना वर्षाला एक फ्रॉक, दिवाळीत, एकाच ताग्यातला. मोठीचा मधलीला, मधलीचा मला, म्हणजे तोच फ्रॉक मी तीन वर्षं घातला. पहिल्या पगारात चपलांचे चार जोड घेतले. एकाचाही पश्चात्ताप नाही. कमी करा हे ऐकायला आधी जास्त असावं लागतं.

ओसरी:
@तिसरी_घंटा राग कसला. हे मी विसरूनच गेले होते. आईच्या घासाघिशीत पातेल्याची हौस कमी, नड जास्त होती.

अंगठा_मोडका:
विषय सोडून. मिक्सर दुरुस्त करणारं कुणी आहे का दादरमध्ये? भांडं फिरत नाही, मोटर फिरते. सर्व्हिसवाले म्हणाले नवा घ्या.

मागावरचा:
खालचा कपलर झिजला असेल. काळा, दात्यांचा. बाजारात तीस-चाळीस रुपयांना मिळतो. नवा घेऊ नका!

विरजण:
आई गेल्यावर तिचं कपाट आवरलं. ठेवणीतल्या साड्या, डांबराच्या गोळ्यांसकट, बऱ्याचशा घडीही न मोडलेल्या. "चांगल्या प्रसंगाला नेसेन." मी आता दर शनिवारी बाजारात जाताना त्यातली एक नेसते. भाजीवाली विचारते, आज काय आहे? मी म्हणते, मेथी.

जिन्याखाली:
@विरजण :) _/\_

अंगठा_मोडका:
कपलरच होता! पस्तीस रुपये. बायकोने नवा मिक्सर आधीच निवडून ठेवला होता, सध्या घरात शांतता आहे.

खमंग_काकडी:
@जिन्याखाली कोथरूडला असाल तर पौड रोडवरून जाताना न्या. दोन न्या. पाच न्या.

जिन्याखाली:
संध्याकाळी गेलो. गाळणी मिळाली, उत्तम आहे, चहाही झाला. साबणाच्या डब्या पिशवीत घालून नेल्या होत्या. त्यांनी घेतल्या नाहीत.